पळपुट्या

आजीला गेम खेळायला बोलावलं ते तिला गेममधलं काहीच कळत नाही म्हणून. एखादी गोष्ट येत नाही यासाठी कुणी इतक्या आदराने बोलवावं, असं तिच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत कधी झालं नव्हतं.

"ज्याला काही म्हणजे काहीच येत नाही असं माणूस हवंय आम्हाला," नात फोनवर म्हणाली. "आमच्या ओळखीत तू एकटीच उरलीस."

"तुझा बाप आहे की."

"बाबा मोबाइलवर पत्ते खेळतात. ते बाद."

नातीला घरात सगळे मुंगी म्हणत. लहानपणी ती सारखी काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची, त्यावरून पडलेलं नाव. आता सत्ताविशी ओलांडली तरी सुटलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिने बरी चाललेली नोकरी सोडली आणि एका पेंटरला बरोबर घेऊन हा गेम करायला घेतला. पेंटर म्हणजे खराखुरा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाट्या छापून यायला लागल्या तेव्हा चाळिशीच्या तोंडावर तो कॉम्प्युटरवर रंगवायला शिकला. तो फारसा बोलत नसे, आणि बोलला तर कामाचंच.

त्यांची कचेरी म्हणजे कुलपं-किल्ल्यांच्या दुकानावरची एक खोली. आजी कठडा धरून वर आली, दम खाल्ला आणि आत पाहिलं. दोन टेबलं, चार स्क्रीन, खिडकीला चिकटवलेला काळा कागद, कोपऱ्यात न विसळलेल्या कपांची रांग. बाहेर दुपारचे दोन वाजलेले, आत मात्र तळघरासारखं.

"उजेडाचं काय वाकडं आहे तुमच्याशी?"

"उजेडात काळोख नीट दिसत नाही, आजी," पेंटर म्हणाला.

हे उत्तर आजीला आवडलं. तिने कपांच्या रांगेबद्दल काही न बोलायचं ठरवलं.

मुंगीने तिला खुर्चीत बसवलं, खुर्ची खालीवर करून बघितली, पाठीशी उशी दिली. "नियम एकच आहे. तू खेळायचं. आम्ही दोघं मागे उभं राहणार आणि तोंड उघडणार नाही. तू अडलीस, चुकलीस, भिंतीला धडकत बसलीस, तरी सांगणार नाही. लोक घरी खेळतील तेव्हा त्यांच्या मागे थोडीच आम्ही असणार? तू मात्र मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. मी लिहून घेते."

"म्हणजे मी बोलायचं आणि तू गप्प बसायचंस. हा नियम घरात का नाही लावला इतकी वर्षं?"

पेंटर खोकला. मुंगीने वही उघडली. तिचे डोळे तांबारलेले होते, आठवडाभर झोप नसावी. संध्याकाळी सहा वाजता गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीकडे डेमो जायचा होता. डेमो म्हणजे गेमचा पहिला वीस मिनिटांचा तुकडा. कंपनीने शंभरातून सहा निवडले होते, त्यांत हा एक. ते सहा मोठ्या प्रदर्शनात मांडले जाणार होते, आणि तिथे लोकांच्या डोळ्यांत भरला तर पुढची दोन वर्षं निवांत काम करता येणार होतं. एवढं आजीला ठाऊक होतं. गेम कशाबद्दल आहे हे मात्र मुंगीने मुद्दाम सांगितलं नव्हतं. "बघच तू," एवढंच म्हणाली होती, आणि म्हणताना हसली होती.

कानांवर हेडफोन आले आणि जग बंद झालं. मग पाण्याचा आवाज. थेंब, थांबून दुसरा थेंब, कुठेतरी लांब. पडद्यावर काळोख, आणि काळोखात खालून एक बंदूक वर आली. ती धरलेला हात दिसला, कोपरापर्यंत. त्यापुढे माणूसच नाही.

"धरणारा कुठाय?"

आजीने माऊस हलवला तशी बंदूकही हलली, तिच्याबरोबर टॉर्चचा उजेड हलला, आणि मग तिच्या लक्षात आलं. "अच्छा. धरणारी मीच."

पहिली चार मिनिटं ती छताकडे बघत होती, कारण माऊस तिला खाली आणता येईना. "जळमटं छान काढलीत," ती म्हणाली. "पण इतकी जळमटं म्हणजे कोळी किती असतील, तो एकही दिसत नाही." मग ती एका भिंतीत शिरायचा प्रयत्न करत राहिली. मग एकदम मागे वळली आणि किंचाळायच्या ऐवजी म्हणाली, "दार आहे होय." मागे पेन्सिल खरखरत होती.

हळूहळू हात बसला. तेहेतीस वर्षं दोन्ही हातांनी दोन वेगळी कामं केलेली बाई ती. डाव्या हाताने चालायचं आणि उजव्याने बघायचं, हे तिला जमायला वेळ लागला नाही. ती एका ओल्या बोळातून चालली. भिंतीवर माणसाच्या छातीपर्यंत चिखलाची रेघ होती, पूर येऊन गेल्यावर राहते तशी. टॉर्च फिरवला की सावल्या एका बाजूला पळत आणि उजेड सरला की परत जागेवर येऊन बसत. पुढे जिना होता. लाकडी कठडा, वळणावर एक फुटलेली फरशी, आणि भिंतीत उंचावर गोल खिडकी.

आजी थांबली. माऊसवरचं तिचं बोट थांबलं.

"हा आमचा जिना आहे."

पेन्सिल खरखरली नाही. तिने मागे वळून पाहिलं असतं तर मुंगीचा चेहरा तिला दिसला असता. वाढदिवसाचा खोका उघडला जाताना देणाऱ्याचा असतो तसा. पण आजी पुढेच बघत होती. ती जिना चढत होती. पन्नास वर्षांपूर्वी पाडलेल्या टेलिफोन एक्स्चेंजचा जिना, पायऱ्या बावीस. तिने मोजल्या. बावीसच होत्या.

वर हॉल होता. लांबच लांब बोर्ड, त्यावर भोकांच्या ओळी, पुढे ओळीने अकरा खुर्च्या, मागे सुपरवायझरचं उंच टेबल. जुन्या फोटोंवरून केलं असणार. पण फोटोत नव्हता तो गारवाही त्यांनी कुठूनसा आणला होता. बोर्डावर मधूनच एखादा बारीक दिवा लागत होता आणि विझत होता.

"सुरेख," आजी हळूच म्हणाली. "अगदी सुरेख केलंय पोरांनी. हा एक, हा दोन, तीन, चार... हा माझा. सात नंबर."

एक्स्चेंजमध्ये कुणाला नावाने हाक मारत नसत. ज्या बोर्डावर बसायची तोच तिचा नंबर, आणि तोच तिचं नाव. दोन नंबरच्या लग्नात भटजींनी नाव विचारलं तेव्हा मैत्रिणींना ते सांगता आलं नव्हतं.

मग तिने टॉर्च खाली केला. हेडसेट जमिनीवर पडले होते. एक खुर्चीखाली, एक दाराशी, एकाची वायर ताणून तुटलेली, जणू कुणी डोक्यावर तसाच ठेवून धावत सुटलं होतं.

"हे चुकलं," आजी म्हणाली. "लिहून घे. हेडसेट जमिनीवर कधी पडत नाही. दुसरी बाई येऊन मागे उभी राहायची, आपला हेडसेट लावायची, वायर खोचायची आणि म्हणायची, 'घेतलं.' तिने 'घेतलं' म्हटल्यावर पहिलीने आपला काढून खुंटीला लावायचा. पाच मिनिटं जाऊन यायचं झालं तरी हेच. दिवा लागला म्हणजे पलीकडे कुणीतरी बोलायला थांबलंय, तेव्हा बोर्ड उघडा टाकायचा नाही. अंगात ताप असला तरी नाही."

उंच टेबलावर एक कागद चमकत होता. जवळ गेली तशी तो पडद्यावर मोठा झाला. आजीने चष्मा वर सरकवला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"'पाणी चढू लागताच सर्व ऑपरेटर सकाळी नऊ वाजता आपापल्या जागा सोडून पळाल्या. शहर मुके झाले. एकेचाळीस माणसे बुडाली. ज्या पळाल्या, त्या अजून इथेच...'"

पुढचं तिने वाचलं नाही.

हेडफोनमध्ये कुजबुज सुरू झाली. हॉलच्या टोकाला काळोख जरा दाट झाला आणि त्यातून बायका बाहेर आल्या. ओल्या साड्या, पांढरे डोळे, कानांवरून लोंबणाऱ्या वायरी. वर अक्षरं उमटली: पळपुट्या. बंदूक आपोआप सज्ज झाली.

पहिली आली तिचे पुढचे दात किंचित पुढे होते. ती दोन नंबर. मागून नऊ नंबर, तिचे ते कमरेखाली जाणारे केस. पाच नंबर. अकरा नंबर. भुतं केली होती तरी पेंटरचा हात इतका चांगला होता की एकीचीही ओळख पुसली नव्हती. आजीने चाप ओढला नाही. बायका जवळ आल्या, पडदा लाल झाला, ती मेली. पुन्हा जिन्यावर उभी राहिली, पुन्हा बावीस पायऱ्या चढली, पुन्हा मेली. मागे मुंगीने पाय बदलला. सांगायचं नाही हा नियम तिनेच केला होता.

तिसऱ्या खेपेला सातवी बाई पुढे होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, उभट चेहरा, कानाशी एक बट सुटलेली. आजी आपल्याच तरुणपणाकडे बंदुकीच्या टोकावरून बघत होती.

तिने गोळी झाडली. एकच. ती बाई पडली.

मग आजीने माऊस टेबलावर उलटा ठेवला, हेडफोन काढले, आणि भिंतीवर खुंटी दिसते का ते बघून शेवटी मांडीवर ठेवले.

"हे मी खेळणार नाही," ती म्हणाली. "आणि हे असं बाहेरही जाणार नाही."

मुंगीला वाटलं आजी घाबरली. तिने पाणी आणलं. "अगं, गोष्ट आहे ती. तुला गंमत वाटेल म्हणून तुमचाच हॉल घेतला. तुझ्या अल्बममधला जिन्यावरचा फोटो आहे ना, त्याच्यावरून पेंटरने सगळ्या केल्या. तुझापण चेहरा घातला."

"आमचा हॉल घेतलास, आमचे चेहरे घेतलेस. हे पळायचं कुठून आणलंस?"

"पुराला पन्नास वर्षं झाली तेव्हा नगरपालिकेने पुस्तक काढलं होतं. त्यात चौकशीचा अहवाल छापलाय. मी शब्दसुद्धा बदलले नाहीत."

"ते दिसतंय. मला तो अहवाल पाठ आहे."

मुंगी तिच्याकडे बघत राहिली. "पण तू तर नव्हतीसच तिथे. पुराच्या दिवशी तू रजेवर होतीस. लहानपणापासून तूच सांगत आलीस. बाबांना ताप होता म्हणून तू घरी होतीस."

आजीने पाणी पूर्ण प्यायलं. पेंटरने, काय सुचलं कोण जाणे, खिडकीचा काळा कागद एका बाजूने सोडवला आणि खोलीत दुपार आली.

"तुझ्या बापाला काही झालं नव्हतं," आजी म्हणाली. "मी सात नंबरवर होते. सकाळी सहापासून संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांपर्यंत. आम्ही अकराजणी आणि सुपरवायझर बाई. एकही हलली नाही."

मग तिने सांगितलं, आणि सांगताना ती थांबली नाही. धरणाच्या कचेरीतून पहाटे पाच वाजता जिल्ह्याच्या साहेबांना घरी फोन गेला होता, की पाणी सोडतोय, नदीकाठची वस्ती हलवा. साहेबांनी ऐकलं आणि कूस बदलली. सात वाजता पाणी रस्त्यावर आलं तेव्हा बाईंनी कुणाला न विचारता डिरेक्टरी फाडली. खरोखर फाडली, मधोमध, आणि नदीकाठच्या रस्त्यांची पानं अकराजणींत वाटली. तीनशे बारा फोन. प्रत्येकीने आपल्या पानावरचा एकेक नंबर बोर्डावरून लावायचा, आणि उचलेल त्याला सांगायचं: पाणी येतंय, वर जा, शेजारच्या पाच घरांना सांगून जा. लोक शिव्या द्यायचे, सकाळी सकाळी थट्टा करता का म्हणायचे. एका म्हाताऱ्याने आधी आजीकडून हवामानाची चौकशी केली, मग तुम्ही कुठल्या घरच्या म्हणून विचारलं. त्याला तिने असं झापलं की तो धोतर सावरत गच्चीवर गेला असणार. तळमजल्यावर बॅटऱ्या होत्या. पाणी तिथवर चढेपर्यंत बोर्ड चालू होता. चार वाजून दहा मिनिटांनी सगळे दिवे एकदम गेले. तेव्हा कुठे त्या उठल्या, आणि गोल खिडकीतून दोराने होडीत उतरल्या.

"आणि हेडसेट?" पेंटरने विचारलं.

"खुंटीला. बारा खुंट्या, बारा हेडसेट. बाईंनी मोजले."

"मग अहवालात नऊ वाजता कसं?" मुंगी म्हणाली.

"एकेचाळीस माणसं गेली होती, बाळ. कुणाच्या तरी गळ्यात बांधायला हवीच होती. साहेबांनी लिहिलं, मी वेळेवर कळवलं, पण बोर्डावर कुणी नव्हतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात? अकराजणी?"

आता आजीला बोलायला जड गेलं. तिने मांडीवरच्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली.

"एकेकीला आत बोलावलं. टेबलावर कागद तयार. घाबरून नऊ वाजता आम्ही जागा सोडली, सुपरवायझरने अडवलं नाही. सही केली तर नोकरी राहील, नाही केली तर आजपासून घरी. तुझा बाप तीन वर्षांचा, तुझी आत्या पाच महिन्यांची, आणि तुझे आजोबा आजारी. मी सही केली. सगळ्यांनीच केली. बाईंनी नाही केली. त्यांना काढलं, आणि त्यांना या शहरात कुणी कामावर ठेवलं नाही. एकदा मला बाजारात दिसल्या, समोरून येत होत्या. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. त्यांनी मला तसं जाताना पाहिलं." तिने वायर सोडली. "सही केली हे सांगण्यापेक्षा मी रजेवर होते हे सांगणं सोपं होतं. म्हणून रजेवर होते."

मुंगीने पडद्याकडे पाहिलं, तिथे सातवी अजून पडलेली होती.

"म्हणून तिला मारलंस," मुंगी म्हणाली. "सातवीला."

"बाकीच्यांवर माझा हात कसा उठेल?"

मुंगी खाली बसली, जमिनीवरच. "आत्ता साडेतीन वाजलेत, आजी. चार वाजता कंपनीच्या बाईंचा फोन आहे, सहाला पाठवायचं आहे. शत्रू काढला तर उरतं काय? नुसता जिना आणि रिकामा हॉल. तीन वर्षं गेलीत माझी यात."

"माझी पन्नास गेलीत."

"हे आज का सांगतेस? कधीही सांगायचंस."

"आज तू विचारलंस म्हणून. आणि त्या फोटोतल्या आता दोघीच उरल्यात, मी आणि तीन नंबर. तिला स्वतःचं नावही आठवत नाही. उद्या मी गेले की तुझी पळपुटीच खरी. पुस्तक कोण वाचत होतं गं? कपाटात पडलं होतं. हे पोरंसोरं घरोघर खेळतील, आणि आमच्यावर गोळ्या घालतील, आणि त्यांना वाटेल बरं केलं."

पेंटर आपल्या टेबलाशी जाऊन बसला होता. त्याने काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "कागद काढायला दोन मिनिटं लागतील. बायका काढायला दहा. हेडसेट खुंटीला लावायला तासभर, कारण खुंट्या करायला लागतील."

"तुला कुणी विचारलं?" मुंगी म्हणाली.

"कुणी नाही. सांगून ठेवतो."

चार वाजता कंपनीच्या बाई पडद्यावर आल्या. केस छान कापलेले, मागे झाडांच्या कुंड्या. गोड बोलत होत्या, आणि मनापासून बोलत होत्या. तो हॉल बघून आपण रात्री झोपलो नाही म्हणाल्या. "आणि पळपुट्या तर कमाल आहेत. ज्यांनी लोकांना मरायला सोडलं त्याच आता तुमच्या अंगावर येतात, हे लोकांना लगेच कळतं. प्रदर्शनाच्या पोस्टरवर आम्ही त्याच घेतोय."

मुंगीने एकदा आजीकडे पाहिलं. आजीचा सगळा आवेश तेवढ्यात कुठल्या कुठे गेला. पोरीचे ते लाल डोळे, ती बखोट धरून चालवलेली तीन वर्षं. राहू दे, असं तिच्या ओठांवर आलं. आपण मोठ्या शहाण्या. आपल्या पोरांसाठी सही केली आणि हिला म्हणतो फेकून दे. तिने हाताने खूणही केली, जाऊ दे अशी.

मुंगीने ती खूण पाहिली आणि पडद्याकडे वळली.

"पळपुट्या आम्ही काढतोय," ती म्हणाली. "त्या पळाल्या नव्हत्या. मला चुकीचं कळलं होतं."

"म्हणजे? गोष्टच आहे ना ही?"

"गोष्टच आहे. पण चेहरे खऱ्या बायकांचे आहेत, आणि त्यांच्यातली एक इथे बसलीय."

कंपनीच्या बाईंनी मान वाकडी करून बघितलं. "नमस्कार, आजी. मग चेहरे बदलू या की. एका दिवसाची मुदत वाढवून देते मी."

तेव्हा आजी पुढे सरकली. पाठ ताठ झाली आणि आवाज एकदम खाली, स्वच्छ आला. मुंगीने तो आवाज कधी ऐकला नव्हता. "बाई, चेहरे बदलाल, हॉल बदलाल, गावही बदलाल. पण टेलिफोनच्या बायका पळाल्या आणि लोक बुडाले, हे तसंच राहणार. ते खोटं एका साहेबाने लिहिलं आणि मी त्याखाली सही केली. आता दुसऱ्यांदा करणार नाही. तुमच्याकडेही नाही."

"मला वाईट वाटतंय, खरंच," बाई म्हणाल्या. "पण बंदुकीच्या गेममध्ये समोर कुणीतरी लागतं. शत्रू नसेल तर प्रदर्शनात मला ही जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. सहापर्यंत विचार करा."

"केलाय," मुंगी म्हणाली, आणि फोन बंद केला.

"मी जाऊ दे म्हटलं होतं," आजी म्हणाली.

"पाहिलं मी."

"मग?"

"तू सही केलीस तेव्हा तुझ्या पदरात दोन पोरं होती. माझ्याकडे एक मांजर आहे, तीही शेजाऱ्यांकडे जेवते." मुंगीने नाक पुसलं. "आजच नेटवर टाकू या आपला आपण. फुकट. प्रदर्शन नको, पोस्टर नको. वीस मिनिटांचा डेमो बारा मिनिटांचा होईल. लोक म्हणतील, बंदूक दिलीत आणि मारायला कुणी नाही."

"म्हणू देत. तिथे होतंच कोण मारायला? पाणी होतं." आजी जरा विचारात पडली. "बंदूक ठेव मात्र. हातात बंदूक असून काही उपयोग नाही, तसंच वाटत होतं त्या दिवशी."

मुंगीने वही ओढली आणि ते लिहून घेतलं.

टेबलावरच्या कागदासाठी आजीने नवा मजकूर सांगितला. पेंटरने तो पाट्या रंगवायच्या हाताने, वळणदार अक्षरांत लिहिला. एक ते अकरा नंबर, प्रत्येकीसमोर तिच्या वाट्याला आलेले रस्ते, आणि शेवटी चार वाजून दहा मिनिटं. सात नंबरपुढे आजीने एक ओळ जास्त सांगितली: हिने नंतर खोट्या कागदावर सही केली. पेंटरचा हात थांबला. त्याने मुंगीकडे पाहिलं, मुंगीने आजीकडे.

"लिही," आजी म्हणाली. "अर्धंच खरं लिहायचं असतं तर साहेबाचा कागद काय वाईट होता?"

खुंट्यांना तासभर लागणार होता, लागले दोन. सहा वाजून गेले, कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. मुंगी पळपुट्या एकेक करून पुसत होती. दोन नंबर गेली, नऊ नंबर गेली. हॉल ओसाड पडला तेव्हा पेंटर म्हणाला, "आजी, एक विचारू का. तुमच्या सुपरवायझर बाई फोटोत हलल्यात. चेहरा नुसता पुसट आलाय. म्हणून मी त्यांना केलंच नव्हतं. करायच्या का?"

आजीने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. त्याने एक कोरा चेहरा पडद्यावर आणला, अंड्यासारखा गुळगुळीत.

"कपाळ रुंद," ती म्हणाली. "इतकं नाही. भुवया जाड, आणि डावी जरा वर, कुणी उशिरा आलं की असायची तशी. नाक मोठं."

"एवढं?"

"आणखी."

"आजी, नुसतं नाकच दिसायला लागेल."

"दिसू दे. बाईंचं नाक दारातून आधी आत यायचं, आणि आम्ही सगळ्या ताठ बसायचो. लहान करून त्यांना आता देखणं करू नकोस, त्यांना आवडणार नाही." ती पडद्याच्या इतकी जवळ गेली होती की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. तिने पदराने ती पुसली. नाकाखालून हळूहळू एक घट्ट मिटलेलं तोंड येत होतं. आजी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि या वेळी ती कुठे वळून गेली नाही.

"या," ती म्हणाली. "ह्याच. आता उभ्या करू नकोस त्यांना. त्यांच्या उंच टेबलाशी बसलेल्याच दाखव."